आरशात दिसला आमचा मोत्या

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आसगावला धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आईवर रानडुक्कर धावून आलं. आमचा कुत्रा मोत्या मधे पडला, आई वाचली, पण त्याचा डावा कान फाटला.

काका तेव्हा नागपूरला चित्रकला शिकत होता. त्यानं मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं मोत्या रेखला, पत्रा ॲसिडात बुडवला आणि रंग लावून कागदावर छापला. छापल्यावर चित्र उलटं येतं, हेच तो विसरला. फाटका कान उजवीकडे गेला.

"हा आपला मोत्या नोहे, भाऊजी," आई म्हणाली. काकाचं तोंड एवढंसं झालं. चित्र पेटीत गेलं ते गेलंच.

आज पेटी आवरताना मी ते धूळ पुसायला आलमारीच्या आरशासमोर धरलं. मागून आई ओरडली, "अवो माय! मोत्या!"

आरशात तोच तांबूस मोत्या, तीच नजर, आणि फाटका कान डावा. आई हात जोडून उभी.

मग तिनं काकाला फोन लावला. "भाऊजी, तुमचा मोत्या पाहून राहिली मी आरशात."

काकानं विचारलं, "कान कोणता फाटला हाय, वहिनी?"

"डावा, भाऊजी. डावाच."