घेणाऱ्याला काय परवडतं

मी हिंजवडीत, गेम बाजारात आणणाऱ्या एका कंपनीत टेस्टर होते. एक बडी टेक कंपनी आम्हाला अवाढव्य किमतीला विकत घेणार अशी बातमी आली आणि जेवणाच्या सुट्टीत रोज एकच वाद सुरू झाला: एवढी किंमत त्यांना परवडेल का? मी ठासून सांगायचे, शक्यच नाही.

मारुंजीतल्या आमच्या घरमालक काकांनाही मी तेच ऐकवलं. म्हशीला वैरण टाकता टाकता ते म्हणाले, "परवडंल की. घेऊन पडीक ठेवायलाबी परवडतं त्यांना. माझं रान असंच एका कंपनीनं घेतलं, कुंपण घातलं, अजून एक वीट न्हाई."

"गेम म्हणजे काय जमीन आहे का, काका?" मी फणकाऱ्याने म्हटलं.

सौदा झाला. ज्या गेममधल्या चुका मी दोन वर्षं शोधत होते, तो नव्या मालकांनी बाजारात न आणताच गुंडाळून ठेवला. आमचे पगार मात्र चालू राहिले.

हे कळलं त्या संध्याकाळी घरी येताना मला काका दिसले. वॉचमनला विचारून ते कुंपणाच्या आत गेले होते आणि एके काळी स्वतःच्या असलेल्या रानातलं गवत म्हशीसाठी कापत होते.