मखमलीचा उलटा पट्टा

शिवणखात्याची सुपरवायझर म्हणून ताई आली, तेव्हा तिच्या वाट्याला खोलीभर मशिनं आणि खोलीभर बंद तोंडं आली. ती आत शिरली की चालू गप्पा जागच्या जागी गिळल्या जायच्या. आधीचे साहेब चूक सापडली की माणसाला सगळ्यांसमोर सोलून काढायचे. त्यामुळे चूक झाली की ती झाकायची, हेच साऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

ताईने उपदेश केला नाही. पंखा हवा म्हणून मागणी आली, तेव्हा ती मालकांकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा डोकं खाते." खरंच खाल्लं, आणि पंखा आला! एकदा दोऱ्याची छटा तिच्याकडूनच चुकीची मागवली गेली, तर तेही तिने भर दुपारी सर्वांदेखत सांगून टाकलं. बायका एकमेकींकडे बघतच राहिल्या.

मग नव्या नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. लाल मखमल, ढीगच्या ढीग! पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी पडदा जवळजवळ तयार होता. तेवढ्यात कापड कापणारे म्हातारे मास्तर ताईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, मोजायची टेप बोटांना गुंडाळत.

"ताई, एक पट्टा माझ्याकडून उलटा गेलाय. बाकी पट्ट्यांत मखमलीची लव वरून खाली बसते, यात ती खालून वर आलीय. इथे कळत नाही, पण स्टेजच्या दिव्यांत तेवढाच काळपट दिसेल."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. पण दुसऱ्याच क्षणी तिला नाचावंसं वाटलं. हा माणूस आपणहून सांगायला आला होता!

"मास्तर, सांगितलंत म्हणून वाचलो! पट्टा चौकोनीच आहे ना? उसवून फिरवला तर?"

"होईल. पण वरच्या चुण्या, खालची दुमड, सगळंच उसवावं लागेल."

"मग उसवू!"

तोच मालकांचा फोन आला. मशिनं थांबली.

"पडदा दुपारी येईल," ताई म्हणाली. "एक पट्टा उलटा जोडला गेलाय. जोडण्याआधी तपासणं माझं काम होतं, ते राहिलं."

पलीकडून असा आवाज चढला की तिने फोन कानापासून हातभर लांब धरला. "हो, ऐकतेय. ओरडून झालं की टेम्पोबरोबर उचलायला दोन माणसं पाठवा."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग खोलीला जणू उधाणच आलं.

"माझी काजं राहू देत, कात्री आणा इकडे!" म्हणत काजवाली मावशी जमिनीवर फतकल मारून बसली. ताईही तिच्या शेजारी उसवायला बसली. मास्तर पडद्याभोवती लगबगीने फिरत होते. "दोरा कापा गं, मखमल नका कापू!"

दुपारी सगळेच टेम्पोत कोंबून नाट्यगृहात गेले. पडदा टांगला. दिवे लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच झगझगीत लाल! टाळ्या, शिट्ट्या, मिठ्या, काही विचारू नका.

मास्तर डोळे बारीक करून बघत होते. "त्यातला तो पट्टा कुठला हो, ताई?"

"मला कसं दिसणार, मास्तर? तुम्हालाच दिसत नाहीये!"

पुढच्याच आठवड्यात काजवाली मावशी टेबलाशी आली. "ताई, रागवू नकोस हं. म्हणजे, रागव हवं तर. पण आधी ऐक."

ताईने हातातलं काम बाजूला सारलं आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.