न सांगायची गल्ली

गल्लीत तिला सगळे तराजूबाई म्हणायचे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती घरोघरी जाऊन मिठाची बरणी तोलायची आणि आकडा लिहून घ्यायची. आरोग्य खात्याचा दोन वर्षांचा अभ्यास होता: मीठ कमी केलं की रक्तदाब किती उतरतो. चिठ्ठ्या टाकून दोन गल्ल्या काढल्या होत्या. एकीत मीठ कमी करा म्हणून सांगायचं. दुसरीत नुसतं तोलायचं, चकार शब्द काढायचा नाही.

न सांगायच्या गल्लीत तिची थोरली नणंद राहायची. नियमाप्रमाणे नातं कळवायला हवं होतं. पण कळवलं तर ती गल्ली दुसऱ्या बाईकडे जाणार, आणि साहेब म्हणाले होते, काम चोख झालं तर कायम करू. बारा वर्षं ती हंगामीच होती.

नणंदेच्या घरी माणसं दोन आणि मीठ महिन्याला किलोभर.

"एवढं काय लिहितेस गं?"

"आकडा, वन्सं."

"माझ्या भावाला काय खायला घालतेस ते लिही आधी. पार वाळवलंस त्याला."

भाऊ काही वाळला नव्हता. बायकोने घरातलं मीठ निम्म्यावर आणल्यापासून त्याचा रक्तदाब ताळ्यावर आला होता. नणंद जेवायला आली की पहिल्याच घासाला नाक मुरडायची. "माहेरी आलेय की इस्पितळात?" तराजूबाई मुकाट्याने मीठ पुढे सरकवायची.

"ताईला सांगून टाकू का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"पाच महिने राहिलेत. मग सगळ्या गल्लीलाच सांगणार आहेत."

"तोवर काही झालं तर?"

"इतकी वर्षं झालं नाही, ते आत्ताच होतंय?"

त्याने विषय सोडला. बायको कायम झालेली त्यालाही हवीच होती.

त्यानंतर तिसऱ्या महिन्यात भाजी चिरताना नणंद ओट्यापाशी कोसळली. उजवं अंग गेलं. तिचं घर अभ्यासातून वगळलं, बाकीचे आकडे चोख निघाले. साहेबांनी भर सभेत तराजूबाईचं कौतुक केलं. कायम झाल्याचा कागद हातात पडला, तेव्हा नणंद तराजूबाईच्याच घरी पलंगावर होती.

एका दुपारी ती नणंदेला भरवत होती. नवरा कडेला बसून बहिणीची बोटं चोळत होता.

"दर महिन्याला तोलायचीस," नणंद अडखळत म्हणाली. "जास्त होतं का गं माझं?"

चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे खात्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"आम्हाला कुठे कळतं, वन्सं. ते ऑफिसात बघतात."

नवऱ्याने मान वर केली नाही. बोटं चोळत राहिला.

"तेच म्हणते मी शेजारणीला," नणंद म्हणाली. "जास्त असतं तर ही बोलली असती. घरचीच आहे ना."