मिन्नाबाईचं लायसन्स

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन गोष्टी रोज साचतात. एक पायपुसण्यावरची माती आणि दुसरे किस्से. माती मी संध्याकाळी झटकतो. किस्से झटकूनही जात नाहीत आणि आमच्या पवनीत ते ऐकायला माणसं टपलेलीच असतात. चहाच्या टपरीवर टेकलो की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, नवीन काय?"

अठ्ठावीस वर्षं मी लोकांना क्लच हळू सोडायला शिकवतोय. पाटील शिकवले, पुजारी शिकवले, देवाचं नाव घेत डोळे मिटून गिअर टाकणारा एक कंपाउंडरही शिकवला. पण गेल्या वर्षी मिन्नाबाई आल्या आणि माझा आधीचा सगळा साठा एका झटक्यात शिळा झाला!

*

मिन्नाबाई मूळच्या फिनलंडच्या, आता आसगावच्या. प्रफुल्ल गभने तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीला होता, तिथंच लग्न झालं आणि दोन वर्षांपूर्वी दोघं गावी परत आले. अंगणात नवीकोरी कार उभी होती. तिच्याखाली कोंबड्या बसायच्या, कारण ती चालवायचं इथलं लायसन्स घरात कोणाकडे नव्हतं.

"मास्तर, हिले लायसन्स पायजे," प्रफुल्ल ऑफिसात येऊन म्हणाला.

"अन तुमाले?"

"मले भेव लागते जी."

इतकं खरं बोलणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

बाईंकडे त्यांच्या देशाचं लायसन्स होतं, पण कायमचं इथं राहायचं तर इथलं काढणं भाग होतं. मी घसा साफ करून, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हाय कार?"

"आईले माहेरी न्यायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

आमची सौ ऑफिसचे सगळे फॉर्म भरते. तिचा पेन थांबला. बाई मराठी शिकल्या होत्या सासूच्या हाताखाली, चुलीजवळ. पुण्याची माणसं माझ्याशी बोलतात ती मराठी मला परकी वाटते. ही नाही वाटली.

सासू म्हणजे वच्छलाबाई. माहेर तुमसरचं. गुडघे गेलेले, त्यामुळे एसटीची पायरी चढवत नाही. भाड्याच्या गाडीनं जायला तयार नाहीत, कारण भाड्यानं माहेरी गेली तर तिकडची माणसं म्हणतील, हिला आणून सोडणारं घरचं कोणी उरलं नाही. मोठा मुलगा ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणतो, "धान निघू दे, मंग नेतो." धान दरवर्षी निघतं. अशी सात वर्षं गेली होती. तिकडे वच्छलाबाईंची आई नव्वदीला टेकलेली, आणि फोनवरचं तर तिला आता ऐकूच येत नव्हतं.

"किती दिवस लागतीन?" बाईंनी विचारलं.

"सगळं धरून दोन महिने."

"तवरीक आजी राहीन ना?"

मला एकदम वाईट वाटलं आणि मी उगाचच पंख्याचं बटण दाबलं.

*

फॉर्म भरताना सौ तिसऱ्याच ओळीला अडली. पासपोर्टवर वडिलांचं नाव नाही, मधलं नाव नाही, आडनाव बाईंचं स्वतःचंच. व्हिसा, राहण्याची नोंद, आसगावचा दाखला, असं करत ती कशीबशी "ओळखीची खूण" या रकान्यापर्यंत आली. अंगावर दिसेल असा तीळ किंवा व्रण लिहायचा असतो.

सौनं बाईंचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, मान पाहिली, कानामागं पाहिलं. एक तीळ सापडेना.

कोपऱ्यात बसलेला प्रफुल्ल कंटाळून म्हणाला, "काकू, अख्ख्या तालुक्यात एकटीच आहे. खूण कायले पायजे?"

*

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारतो की आधी कधी गाडी चालवली आहे का. त्या बॅचमध्ये एक शाळामास्तर होते आणि तलावात शिंगाडे लावायचा धंदा करणारे एक म्हातारबुवा होते.

"वीस वर्षं चालवली," मिन्नाबाई म्हणाल्या. "आमच्या इकडे हिवाळ्यात तलावावरून चालवतो."

"तलावाच्या पारीवरून, बांधावरून," शाळामास्तरांनी दुरुस्ती केली. शिक्षक माणूस, राहवत नाही.

"नाही. तलावावरून. पाण्यावरून."

म्हातारबुवांनी बाईंकडे फार मायेनं पाहिलं, डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे पाहतात तसं. मग बाईंनी मोबाइल काढून फोटो दाखवला. पांढराशुभ्र बर्फाचा तलाव, त्यावर गाडी आणि चक्क वेगमर्यादेची पाटी. म्हातारबुवांनी तो फोटो जवळ घेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ घेऊन पाहिला.

"मंग तुमी लोकं शिंगाडे कुठी लावता?" त्यांनी विचारलं.

*

लर्निंगच्या परीक्षेला बाईंचे सगळे प्रश्न बरोबर आले. माझ्या स्कूलच्या इतिहासात असं क्वचित घडतं, म्हणून मी पेढा आणला. पण बाईंचा चेहरा पडलेला.

"मास्तर, कम्प्युटरमंदी विचारलं, लोक रस्ता ओलांडून रायले तं काय करान. मी लिहिलं, थांबीन. बरोबर आलं."

"मग छान झालं की."

"अन आता बाहेर मी रस्ता ओलांडून राहिली होती तं कोणीच नाही थांबलं. त्याइले लायसन्स कसं भेटलं?"

"बाई, तो पेपर होता," मी म्हटलं. "हा रस्ता आहे."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. चेष्टेत नाही, खरंच लिहून घेतलं.

*

मिन्नाबाईंचा एक मोठा दोष होता. त्या हॉर्न वाजवत नसत. त्यांच्याकडे हॉर्न म्हणजे शिवी, आणि उगाच कोणाला शिवी कशी द्यायची! मी रोज सांगायचो, "बाई, आमच्याकडे हॉर्न म्हणजे रामराम." पण त्यांचा हात तिकडे जातच नसे.

एकदा आसगावच्या रस्त्याला पुढं एक बैलगाडी लागली. तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं शीगोशीग भरलेली, रस्ता अरुंद. बाईंनी गाडी पहिल्या गिअरवर टाकली आणि निमूट मागं चालू लागल्या. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, वाजवेपर्यंत मी बोलणार नाही. त्यांनी वाजवला नाही आणि मी बोललो नाही. अशी आमची वरात दोन-अडीच किलोमीटर गेली.

शेवटी गाडीवानच थांबला. खाली उतरला, टोपी काढली आणि घाम पुसत माझ्या खिडकीशी आला. मागं एवढा वेळ मुकाट्यानं येणारी पांढरी गाडी आणि आत गोरी मॅडम, म्हणजे वरून कुठून तरी आलेली तपासणीच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला तपासणी म्हटलं की एकच गोष्ट आठवते.

"साहेब, रेती नाही जी," तो हात जोडून म्हणाला. "तणीसच आहे. पायजे तं सारं उतरवून दाखवतो."

*

रिव्हर्स मात्र त्यांना मी शिकवला नाही. ते श्रेय दुसऱ्याचं आहे.

फेब्रुवारी संपत आला होता आणि लाखोळीची काढणी चालू होती. एका वळणावर डांबरी रस्त्यावर लाखोळीचं पीक पसरलेलं दिसलं आणि बाईंनी करकचून ब्रेक मारला. उतरून पाहिलं. एकीकडे नाली, एकीकडे बांध, जायला जागा नाही.

"कोणाचं तरी पीक आहे," त्या म्हणाल्या. "चेंगरन."

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून ओरडली, "थांबली काहून वो? चालव ना!"

आमच्याकडे लाखोळी रस्त्यावर टाकतात ती गाड्यांनी तुडवावी म्हणूनच. चाकाखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, मळणीचं काम फुकटात होतं. हे मी बाईंना समजावेपर्यंत म्हातारी बोनेटपाशी आली होती.

बाईंनी भीत भीत गाडी पुढं नेली. म्हातारीनं पाहिलं आणि मान हलवली. "कडेची राहिली. वापस ये." बाई मागं आल्या. "तिकडून घे अजून." पुन्हा पुढं. "आता सरळ वापस. सरळ म्हणतो ना मी!" मी शेजारी नुसता बसलो होतो. अर्ध्या तासात बाईंचा रिव्हर्स असा सरळ झाला की माझाही तेवढा येत नाही.

निघताना म्हातारीनं खिडकीतून बाईंच्या गालाला हात लावला.

"उद्या याच टाइमाले ये," ती म्हणाली. "तूर टाकतो."

*

मग आला भंडाऱ्याच्या टेस्टचा दिवस. बाईंनी आधी चारही चाकं पाहिली, मग वाकून गाडीखाली कुत्रं झोपलंय का पाहिलं, मग बेल्ट लावला. मागच्या रांगेतले लोक सुस्कारे सोडत होते. पण आठाचा आकडा त्यांनी असा काढला की टेस्ट घेणारे साहेब खूश झाले.

"पास," साहेब म्हणाले आणि कागदावर पेन टेकवला.

"नाही साहेब," मिन्नाबाई म्हणाल्या. "माझं मागचं चाक रेषेवर गेलं होतं. तुमी तवा तिकडे पाहून रायले होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. नापास झालेले लोक पास करा म्हणून साहेबांच्या मागं लागलेले मी अठ्ठावीस वर्षं पाहतोय. पास झालेलं माणूस नापास करा म्हणताना पहिल्यांदाच पाहत होतो. साहेब भला माणूस. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की गेलं होतं का?" बाई दोनदा "हो" म्हणाल्या. मग त्यांचाही इलाज राहिला नाही. आठवड्यानं पुन्हा यायचं ठरलं.

मला बाईंचा राग आला, खरं सांगतो. तुमसरहून त्याच सकाळी निरोप आला होता की वच्छलाबाईंच्या आईचं जेवण तुटलंय. परतीच्या वाटेवर बाईही रडवेल्या झाल्या होत्या.

आसगावला वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. सुनेला पाणी दिलं, शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"खरं बोलाची एवढी घाई कायले होती बाई?" त्या म्हणाल्या. "तुमसरहून आल्यावर बोलली असतीस."

पुढच्या आठवड्यात दुसरी टेस्ट झाली. बाईंनी आठ काढला, गाडी जागेवर आणली. साहेबांनी पेन उचलला, पण टेकवला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "काही सांगायचं राहिलं आहे काय?"

"आज नाही," मॅडम म्हणाल्या.

*

लायसन्स पोस्टानं घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रफुल्लचा फोन आला. "मास्तर, आई म्हणते, मास्तर बसन तं मी बसन."

गेलो. प्रफुल्लला घरी ठेवलं, कारण त्याला मागच्या सीटवरही भीती वाटते. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर वड्यांचा डबा घेऊन मागं बसल्या. मी पुढं. ही बाईंची स्वतःची गाडी, तिला माझ्या बाजूला शिकवणीचा ब्रेक नाही. पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत माझा पाय नसलेल्या ब्रेकवर इतक्या वेळा पडला की पोटरीत गोळा आला. बाई मजेत चालवत होत्या. भंडाऱ्याच्या पुढं त्यांनी एका म्हशीला चक्क हॉर्नही दिला आणि लगेच "सॉरी" म्हणाल्या.

वच्छलाबाई मधूनमधून विचारायच्या, "किती राहिलं?"

तुमसर जवळ आलं आणि नाक्यावर हवालदारानं हात केला. कागदपत्रांची तपासणी चालली होती. मिन्नाबाईंचा चेहरा असा उजळला, काय सांगू! इतकं करून मिळवलेलं लायसन्स पहिल्यांदाच कोणीतरी मागत होतं. त्यांनी ते पर्समधून काढून दोन्ही हातांनी दिलं.

हवालदारानं फोटो पाहिला, बाईंकडे पाहिलं, पत्ता वाचला. पुन्हा बाईंकडे पाहिलं.

"कुठल्या आहा मॅडम?"

"आसगावची."

"ते लिहिलं आहे इथं. तसं नाही. मूळच्या कुठल्या?"

मिन्नाबाई उत्तर द्यायला वळल्या, तोवर मागची काच खाली झाली.

"मूळची तं मी बी आसगावची नाही, बाबू," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी इथली, तुमसरची. लग्न होऊन चव्वेचाळीस वरसं झाली, मले नाही कोणी विचारलं. दे तिचा कागद. माय वाट पाहून रायली माही."