मधला बॉल साहेबाचा

राजूदादाचे किस्से सांगाय बसलं की एकातून एक निघतंय. दादा म्हणतो, "लेका, माझ्या मॅचीपेक्षा तुझे किस्सेच लांबतेत!"

आमचा दादा टेनिस खेळून पोट भरतो, त्यातबी निस्ता डबल्स. बक्षिसाची टुर्नामेंट आली की हैदराबादचा सलीम त्याचा पार्टनर. म्हणलं, "दादा, एकट्यानं कामून खेळत न्हाई?"

"हरल्यावर कुणाच्या तरी नावानं बोंबलाय नको का!"

*

लातूर जिल्हा झाला अन् साहेब लोकं आले. त्यांच्यासाठी क्लब, क्लबात मातीचं कोर्ट. त्याच साली पाऊस गायब! टँकर आधी कोर्टावर पाणी मारायचा, उरलं तर आमच्या गल्लीला.

शेजारची शेवंतामावशी घागर घेऊन म्हणायची, "माय, त्या मातीत काय पेरायलेत?"

*

टुर्नामेंट नसली की दादा क्लबात रोजावर. टँकर ज्यांच्या हुकमावर, त्या मोठ्या साहेबांचा पार्टनर! साहेब नेटपाशी खांबावानी उभे, दादा कोर्टभर पळणार. दोघांच्या मधून बॉल आला की तो साहेबाचा. दादानं निस्तं म्हणायचं, "घ्या साहेब!"

साहेब घ्यायचे अन् नेटात मारायचे.

"लई भारी होता साहेब! नेटच उंच बांधलंय."

*

एकदा दादाच्यानं राहवलं न्हाई. मधला बॉल असा हाणला, समोरचे बघतच राहिले! मॅच जिंकली. साहेब मात्र हातबी न मिळवता गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर न्हाई. तिसऱ्या दिवशीबी न्हाई. मावशीनं रिकामी घागर दादापुढं आपटली. "राजा, तुला पाईंट पाहिजे का लेकराला पाणी?"

दादा जेवता जेवता उठला.

*

मग मीच डोकं लावलं. कोर्टाच्या मागच्या रेघा पुसल्या अन् हातभर मागं चुन्याची फक्की मारली. साहेबाचे सगळे आऊट आत! समोरचे त्यांच्या हाताखालचे, ते तर मुद्दाम नेटातच मारायचे. संध्याकाळी टँकर दारात!

दादानं कान पिळला. "हे टेनिस न्हाई रे."

म्हणलं, "पाणी तर हाय!"

*

मग हैदराबादची टुर्नामेंट आली. सलीम म्हणला होता, "राजूभाई, ये जीते तो सालभर साथ खेलेंगे." दादा मला गाडीत म्हणला, "जिंकलो तर क्लबात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

मॅच शेवटाला अडली. हा पाईंट गेला की मॅच गेली, सलीमबी गेला! समोरच्यानं बॉल टाकला दोघांच्या मधोमध. हळू. दादाच्या रॅकेटच्या टप्प्यात. आईशप्पथ, डोळे झाकून हाणला असता!

दादानं रॅकेट उचलली... अन् बाजूला सरकला.

"घ्या साहेब!"

बॉल मधून निघून गेला. सलीम मागं वळून बघाय लागला, कोणचा साहेब आला म्हणून.