ओरोक अंसाचं व्याज

माझा नवरा जेटीवरून पडून गेला, तेव्हा ती बातमी मला सांगायला बंदरातून ओरोक अंसाला पाठवलं होतं. तो आला, व्हरांड्यात बसला, पाणी प्यायला, शिवणयंत्राला तेल कुठलं घालतेस ते विचारलं आणि उठून गेला. बातमी मला संध्याकाळी कोळणीकडून कळली. पुढे कित्येक वर्षांनी मी त्याला त्याबद्दल छेडलं, तर म्हणाला, "तू हसत होतीस, आतिम. हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं?"

असा माणूस. कॅलाबारच्या बंदरात जहाजांवरचा माल मोजण्यात त्याचा जन्म गेला. उंच, किंचित वाकलेला, रविवारी चर्चला जाताना टोपी हातात धरून चालणारा. सगळी गोल्डी स्ट्रीट त्याला मानाने एते म्हणायची, त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकासुद्धा. फक्त मासे धुरावणारी म्मा आरित तेवढी त्याला नावाने हाक मारायची, पण ती गव्हर्नरलाही नावानेच हाक मारणाऱ्यातली.

आम्हा गल्लीतल्या बायकांची भिशी होती. बऱ्याचशा विधवा, कुणी मासे धुरावणारी, कुणी गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, विकणारी, मी शिंपीण. ओरोक निवृत्त झाला, खूप खेटे घालून त्याची ग्रॅच्युइटी एकदाची हातात आली, आणि तो आमच्या मागे लागला. भिशीत पैसा नुसता फिरतो, म्हणाला, वाढत नाही. सरकारला द्या. त्याने मंडळ नोंदवलं, बँकेत खातं काढलं आणि आमचे पैसे ट्रेझरी बिलात घातले. तीन महिन्यांसाठी सरकार पैसे घेतं, व्याज मात्र आधीच हातावर ठेवतं. मुदत संपली की ओरोक बँकेत जाऊन पैसे पुन्हा गुंतवायचा आणि पुढच्या रविवारी म्मा आरितच्या भट्टीच्या शेडखाली बसून प्रत्येकीला तिचं व्याज द्यायचा.

दोन-तीन वर्षं आम्ही राणीसारख्या जगलो म्हटलं तरी चालेल. वर्षाला शेकडा बारा, तेरा, कधी त्याहून जास्त. त्या व्याजात माझं दुकानाचं भाडं निघायचं, कुणाच्या नातवंडांची फी जायची. म्मा आरित दर वेळी पैसे कमरेला खोचताना म्हणायची, "ओरोक, तुझ्या सरकारला सांग, म्हातारीच्या गुडघ्याला सूज आलीय, व्याजालाही थोडी येऊ दे." ओरोक लाजून हसायचा. या कामाचा त्याने एक कोबोसुद्धा घेतला नाही.

त्याची स्वतःची ग्रॅच्युइटीही तशाच बिलात होती. ती इक्वोच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या डोळ्यांसाठी ठेवलेली. इक्वो सुकट निवडून विकायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पिकला की ऑपरेशन करायचं, असं ठरलेलं होतं.

मग तो डिसेंबर आला. ख्रिसमस तोंडावर आलेला, शेजारच्या देशाची सीमा बंद केल्यामुळे तांदूळ सोन्याच्या भावाने विकला जात होता. ओरोक मुदत संपलेले पैसे पुन्हा गुंतवायला बँकेत गेला, आणि खिडकीतल्या मुलीने जो दर सांगितला तो त्याला चूक वाटला. त्याने तिला पुन्हा बघायला लावलं. ती म्हणाली, एते, चूक नाही, दर पडलेत, आणि अजून पडणार आहेत, बाजारात पैसा जास्त झालाय आणि बिलं कमी. निम्म्याहूनही खूप कमी व्याज. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

तो आम्हाला सांगणार होता. रविवारी शेडमध्ये येईपर्यंत त्याने मनाशी वाक्यं जुळवली होती, असं त्याने मला पुढे सांगितलं. पण त्याच्याआधी तिथे एडेम येऊन बसला होता. एडेम म्हणजे चर्चच्या गायनवृंदातला मुलगा, लागोसला जाऊन कोट घालून परत आलेला. कुठल्याशा मत्स्यशेती कंपनीचं काम करायचा. मागूर माशांच्या तळ्यांचे चकचकीत फोटो त्याने बायकांच्या हातात दिले होते. सहा महिन्यांत शेकडा तीस. बायका फोटो नाकाशी धरून बघत होत्या.

"आमचा ओरोक आहे तोवर मागूर तळ्यातच राहू दे," म्मा आरित एडेमला म्हणाली. "पण त्याच्या सरकारने हात आखडला ना, त्या दिवशी मी तुझ्या तळ्यात उडी घेते."

सगळ्या हसल्या. ओरोकने टोपी मांडीवर ठेवली आणि पूर्वीइतकंच व्याज वाटलं.

यामागचं कारण सांगायला हवं. ओरोकचा थोरला भाऊ तरुणपणी असल्याच एका दामदुपटीच्या बँकेत फसला होता. घराण्याची जमीन विकून आलेले पैसे त्याने तिथे ठेवले होते. बँकेला टाळं लागलं, तसा तो होडीत बसून कॅमेरूनला गेला आणि परत आला नाही. जिवंत आहे की नाही तेही घरच्यांना कळलं नाही. मागूर माशांचे फोटो बघितल्यावर ओरोकला तोच आठवला. त्याला वाटलं, एकदाच स्वतःच्या पैशातून भर घालू. तीन महिन्यांत दर वर येतील, मग कुणाला काही कळायचंही नाही.

दर वर आले नाहीत. मार्चमध्ये आणखी खाली गेले, आणि पाठोपाठ साथ आली. चर्च बंद, बाजार अर्धा बंद. जूनमध्ये ओरोक तोंडाला फडकं बांधून घरोघर फिरला आणि दारात उभा राहून व्याज देऊन गेला. आम्ही त्याला दुवा दिला. शहरात सगळीकडे रड चालली होती, आणि आमचं मंडळ तेवढं भरल्या हाताने देत होतं. आम्हाला वाटायचं, ओरोकला बँकेत कुणीतरी ओळखतं.

त्या भरवशावर आम्ही काय काय केलं! मी पलीकडचा गाळा भाड्याने घेतला, मोठा, रस्त्यावरचा. म्मा आरितने नातीला खाजगी शाळेत घातलं. ओरोकला आम्ही मोठ्या हौसेने हे सांगायचो. तो मान हलवायचा.

घरात त्याने इक्वोला सांगितलं होतं की साथीमुळे डोळ्यांचे डॉक्टर ऑपरेशनं करत नाहीत. काही महिने ते खरंही होतं. नंतर दवाखाने उघडले, पण इक्वोला दवाखान्यापर्यंत नेणारा तोच होता, आणि तो म्हणायचा की अजून उघडले नाहीत. तिच्या सुकटीत खडे राहायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, मग ती येईनाशीच झाली. ओरोक दुपारचा जेवेनासा झाला. मी कधी अफांगच्या पाल्याचं कालवण घेऊन गेले तर म्हणायचा, आत्ताच झालं. इक्वो म्हणायची, "कधी झालं? मला तर ताटाचा आवाज नाही आला." तो म्हणायचा, "तुझे कानही गेले वाटतं." आणि दोघं हसायची. मीही हसले होते.

पुढच्या डिसेंबरात बँकेतला दर जवळजवळ शून्यावर आला. लाख नायरा ठेवले तर शेरभर गारी यायची नाही, इतका. ओरोककडे भर घालायला काही उरलं नव्हतं. रविवारी तो शेडमध्ये आला तो इक्वोचा हात धरून. ती एकटी घरी राहू शकत नव्हती म्हणून आणलं असेल, किंवा तिलाही तिथेच सांगून टाकावं असं त्याला वाटलं असेल. मी विचारलं नाही.

तो उभा राहिला. म्हणाला, या वेळी व्याज नाही. नाही म्हणजे नसल्यासारखंच आहे. वर्षभर असंच चाललंय.

म्मा आरितने हातातला मासा खाली ठेवला.

"वर्षभर? मग आम्हाला मिळत होतं ते कुणाचं?"

"माझं," ओरोक म्हणाला.

कुणाचा विश्वास बसला नाही. गारीवाली उठून ओरडायला लागली की हा आमची मूळ रक्कमच आम्हाला व्याज म्हणून वाटत होता, खाऊन बसलाय सगळी. ओरोकने बँकेचा कागद पुढे केला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मूळ रक्कम जागच्या जागी होती. तेव्हा गारीवाली खाली बसली. मला वाटलं, आता कुणीतरी त्याचे पाय धरेल.

म्मा आरित म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला भीक घातलीस."

"नाही, म्मा. तुम्ही त्या मुलाकडे गेला असतात."

"गेले असते नाहीतर नसते. तो माझा पैसा, माझं डोकं. मला खरा भाव कळला असता तर मी पोरीला त्या शाळेत घातलं असतं? आता तिला तिथून काढू कशी? तू आम्हाला कुकुली बाळं समजलास, ओरोक. तोंडात साखर घातलीस आणि घराला आग लागलीय ते सांगितलंच नाहीस."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझाही गाळा होताच, दोन वर्षांच्या कराराचा. पण ओरोकचा चेहरा बघून मी बँकेच्या कागदाची घडी घातली आणि तो त्याला परत दिला.

या सगळ्यात इक्वो बाकावर शांत बसली होती. बायका बोलून थकल्यावर तिने विचारलं, "ओरोक, कुठले पैसे दिलेस?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिने हात पुढे करून चाचपत त्याची बाही पकडली, आणि म्हणाली, "चल, घरी घेऊन चल मला. मला दिसत नाही."

बायकांनी मूळ रक्कम परत मागितली. मुदत संपताच ओरोकने प्रत्येकीची रक्कम, एक नायरा कमी न करता, घरपोच केली. मंडळ बुडालं. माझे पैसे मी गाळ्याच्या भाड्यात घातले. बऱ्याच जणी एडेमकडे गेल्या. म्मा आरितही गेली, आणि तिला पहिला हप्ता मिळाला तेव्हा तिने एक भलामोठा धुरावलेला मागूर ओरोकच्या दारात टांगायला लावला. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावा म्हणून. ओरोकने तो काढला, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तो खाल्ला. हे मला इक्वोने सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

दुसरा हप्ता आला नाही. पावसाळा सुरू होताना कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. एडेमचा फोन बंद. गावाबाहेर जी तळी दाखवली होती ती दुसऱ्याच कुणाच्या मालकीची निघाली. म्मा आरितने नातीला शाळेतून काढलं आणि भट्टीवर बसवलं. आपल्याला कुणी फसवलं असं ती कधी तोंडाने म्हणाली नाही. नुसती बोलायची कमी झाली.

इक्वोला मी आणि चर्चमधल्या दोघीतिघींनी वर्गणी काढून मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. उशीर झालाय, म्हणाल्या. पिकून राहिलेल्या मोतीबिंदूने आत दाब वाढवलाय. डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन करून पाहू. त्यांनी केलं. तिला आता माणूस दारात उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. त्या दिवशी ओरोक बाहेर व्हरांड्यात उभा होता. डॉक्टरीणबाई त्याला विचारत होत्या, आधी का नाही आणलंत, आणि तो म्हणत होता, साथ होती. त्याही वेळी त्याला खरं सांगता आलं नाही.

तो अजून आहे. लाकडाच्या वखारीत फळ्या मोजतो. बसायला स्टूल नाही म्हणून उभ्याने मोजतो, आणि पाय सुजले की भिंतीला टेकतो. इक्वो त्याच्याशी बोलते, पण लागेल तेवढंच. मध्ये दोन-तीन वर्षांनी दर वर चढले होते, आम्ही कधी ऐकलेही नव्हते इतके, शेकडा वीसच्याही पुढे. गल्लीतली तरणी माणसं मोबाइलवरून ट्रेझरी बिलं घ्यायला लागली. ओरोकजवळ घालायला काही नव्हतं. मी एकदा त्याच्यासमोर तो विषय काढला, तर त्याने नुसतं "हो का" म्हटलं आणि फळी उलटी केली.

गेल्या वर्षी ते दर पुन्हा उतरायला लागले. म्मा आरित तोवर काठीवर आली होती. भाच्याने तिच्या नावाने थोडे पैसे बिलात घातले होते आणि या खेपेला व्याज कमी आलं होतं. ती वखारीत गेली. मी तिला आधार द्यायला बरोबर होते. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्याने आपली टोपी झटकून तिला बसायला ओंडक्यावर ठेवली. ती बसली नाही.

"ओरोक, पुन्हा पडतंय म्हणतात. काय करू?"

त्याने हातातली फळी थप्पीवर ठेवली.

"कमी खायचं, म्मा," तो म्हणाला. "अजून पडेल. दुसरा काही उपाय मला माहीत नाही."

म्मा आरितने मान हलवली. मग ती त्या ओंडक्यावर बसली, पाय पसरून, आणि ओरोक पुढची थप्पी मोजायला वळला.