राबाच्या दिवसांत हवापालट

हवापालटासाठी बदलापूरच्या पलीकडे कधी जावं, असं कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते, मे महिन्यात जाऊ नका बाई. आम्ही गेलो होतो. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट, पण आठवलं की अजून अंगातलं त्राण जातं.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. आमचे हे, अशोक, अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. मुलगी प्रज्ञा आठ वर्षांची आणि तिला दमा. संध्याकाळी कंपन्यांचा तो वास सुटला की खिडक्या लावायच्या, आणि ही उशीला टेकून बसल्या बसल्या झोपणार. तिच्याबरोबर मीही बसून. किती महिने पाठ टेकून झोपले नव्हते, मलाच आठवत नव्हतं. शेवटी कॅम्पातले आमचे सिंधी डॉक्टर म्हणाले, "भाभी, दवा तो चालू है. थोडे दिन बच्ची को जंगल की हवा खिलाओ. फर्क पडा तो घर बदलने का सोचो." झालं. पोरीला बरं वाटलं तर कॅम्प सोडून तिकडेच घर बघायचं, असं आमचं ठरलं. सुट्टी मेमध्येच, म्हणून मेमध्येच निघालो. ह्यांच्या हाताखाली बाळाराम नावाचा हेल्पर होता, त्याचं घर बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्यावर. "चला ना भाऊ, ओटी मोकलीच हाय," म्हणाला.

सकाळी स्कूटरवर निघालो. पुढे प्रज्ञा उभी, मागे मी, माझ्या मांडीवर कपड्यांची पिशवी. अंबरनाथपर्यंत पदर नाकाला. बदलापूरला वडापाव खाल्ला, पेट्रोल भरलं, कारण पुढे तेव्हा पंप नव्हता. मग पश्चिमेकडून सोनिवलीचा रस्ता धरला. तिथे नवीन इमारतींचं काम चाललं होतं आणि 'शुद्ध हवेत आपलं घर' असा मोठा फलक होता. फलकावर झाडं काढलेली, मागे उघडं माळरान. हे म्हणाले, "बघून ठेव, इथेच घेऊ." मी म्हटलं, "आधी पोरीला बरं वाटू दे, मग इमले बांधा."

नदीचा पूल ओलांडला आणि वीटभट्ट्या सुरू झाल्या. एकेका भट्टीशेजारी लाकडांचा ढीग, आणि रस्त्यात मातीचे डंपर. डंपर गेला की समोरचं दिसायचं नाही. हे वैतागून म्हणायचे, "पुढे जंगल आहे, पुढे जंगल आहे." पुढे डोंगर लागले खरे, पण झाडांना फांद्याच नाहीत! नुसते खांब उभे. सावलीचा पत्ता नाही आणि वारा आला की सगळी धूळ आमच्या तोंडात. ह्याला का जंगल म्हणायचं?

पाड्यावर पोचलो तर सगळीकडे निळसर धूर. उतारावर जमिनीचे तुकडे धुमसत होते. भाताची रोपं जिथे करायची, तिथे पावसाआधी झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या गावीही करायचे म्हणे, पण आम्ही कॅम्पात वाढलेली माणसं, आम्हाला काय कळतंय! हे बाळारामवर उखडले, "अरे, आधी सांगायचंस ना!"

"भाऊ, तुमी हवा पायजे बोललात. राबाचा कोन सांगतो? दरसालचाच हाय." तो बिचारा गोंधळूनच गेला.

बाळारामच्या आईने पोरीसाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली. पोरीने दोन घास खाल्ले आणि तिची छाती वाजायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या, पाठ चोळली. धूर खाली बसत चालला होता, हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तिच्या गळ्याजवळ श्वासागणिक खड्डा पडत होता. तिला ह्या धुरळ्यातून स्कूटरवर परत न्यायची माझी हिंमत होईना.

म्हातारी म्हणाली, "पोरीला देवाच्या रानात न्या. तथं धूर नाय शिरत."

पाड्यामागच्या ओढ्यापाशी ती राई होती. तिथलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. ह्यांनी प्रज्ञाला उचललं. आम्ही जवळ गेलो तशी म्हातारी आडवी आली. "चपला काडा. आन् हात जोडून मंग आत चला. आमच्यात तसाच हाय."

माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी देवापुढे हात जोडत नाही. ह्यांनी चपला काढल्या. "हात नाही जोडणार, आई," म्हणाले. शांतपणे म्हणाले, पण ठाम. बाळाराम मान खाली घालून उभा. मला तर संतापाने रडू यायला लागलं. जोडा ना हो, काय जातंय तुमचं! पोर गुदमरतेय! पण ते तसेच, हातावर पोर घेऊन उभे.

म्हातारीने प्रज्ञाच्या गळ्याकडे पाहिलं. "राहू दे. पोरीला घेऊन बस," म्हणाली आणि बाजूला झाली.

आत शिरल्याबरोबर अंगाला गारवा लागला. वर पानांचं छत इतकं दाट, की बाहेरचा धूर कडेलाच अडलेला दिसत होता. खालची पानं धुळीने माखलेली होती ती राईच्या काठालाच, आत सगळं हिरवंगार. तासाभराने प्रज्ञाची छाती सैल झाली. ती पाचोळ्यावर आडवी झाली आणि झोपली, चक्क आडवी! तिच्या शेजारी मीही झोपले. पुढचे तीन दिवस आम्ही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तिथेच. म्हातारी जेवण आणून द्यायची आणि हात जोडण्याचा विषय पुन्हा तिने काढला नाही.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. राई अजून आहे म्हणतात, आजूबाजूचं फारसं उरलेलं नाही. आम्ही सोनिवलीला घर घेतलं नाही, कारण तिथली हवा नुसती फलकावरच होती. प्रज्ञा आता संसारात आहे, बरी आहे, दम्याचा पंप मात्र पर्समध्ये असतो. प्रवास म्हणाल तर दमछाकच झाली.

तेव्हा घरी परतलो त्याच आठवड्यात प्रज्ञाचा दमा उसळला. आम्ही जेवत होतो. खिडक्या लावलेल्या. तिने ताट सरकवलं आणि म्हणाली, "पप्पा, परत तिकडे जाऊ ना. तुम्ही नका जोडू. मी जोडीन हात."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "श्वास घेण्यासाठी कुणापुढे हात जोडायचे नसतात, बाळा."

"मग काय करायचं?" तिने विचारलं.

मी उठून तिच्या पाठीशी उशी लावली आणि तिच्याबरोबर बसले.